मुलांच्या कानांसाठी देणगी द्यायची आहे: मशीनं वाटायची की अजून काही?

निशिगंध (धागाकर्ती) | शुक्रवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांबलीय, सांभाळून घ्या.

आमच्या दहावीच्या बॅचला यंदा तीस वर्षं झाली. भेटायचं, पण हॉल आणि सजावटीवर पैसे उधळायचे नाहीत, असं ठरलं. त्याऐवजी वर्गणी काढली आणि बऱ्यापैकी रक्कम जमली. ती लहान मुलांच्या कानांसाठी द्यावी यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही, कारण आमच्याच एका मित्राच्या मुलीला ऐकू येत नाही हे ती दोन वर्षांची होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हाक मारली की वळायची नाही, तर घरचे म्हणायचे हट्टी आहे. पुढची त्याची धावपळ आम्ही जवळून पाहिलीय.

इथपर्यंत सगळं गोड. पुढे फाटे फुटलेत. एका संस्थेनं सांगितलं, तुम्ही पैसे द्या, आम्ही एका दिवसात शंभर मुलांना श्रवणयंत्रं वाटतो. मांडव, व्यासपीठ, पाहुणे, फोटो, सगळं त्यांच्याकडे. ग्रुपवर बहुतेक जण खूश आहेत. दुसरा गट म्हणतो, शंभर मशीनं कशाला, एकाच मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) करून देऊ. मला दोन्हीकडे काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये.

या क्षेत्रातलं इथे कुणी आहे का? संस्थेला काय विचारावं? सल्ले द्या, टपल्याही चालतील.

---

पारिजात | शुक्रवार, रात्री ११:१५

चांगला विषय. माझं काम नवजात बाळांच्या विभागात आहे, सवडीनं लिहिते. तोवर वाचतेय.

---

तिरकस | शुक्रवार, रात्री ११:३२

शंभर मुलांना ऐकू येणार आणि तुम्हाला खटकतंय! देणाऱ्यानं देत जावं, हिशेब कशाला मागावा?

---

ध्वनिलहर | शनिवार, सकाळी ७:२०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारा. निशिगंधताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. का, ते सांगतो.

दिवसाचे आठ तास धरले तर मिनिटं होतात ४८०. शंभर मुलं म्हणजे एका मुलाच्या वाट्याला पाच मिनिटंसुद्धा नाहीत. चार ऑडिओलॉजिस्ट बसवले तरी वीस मिनिटं. आता त्या वीस मिनिटांत काय काय बसवायचंय बघा. आधी कानात डोकवायचं. मळ आहे का, पडद्यामागे पाणी आहे का, कान वाहतोय का. वाहत्या कानात मोल्ड (मशीनचा कानात बसणारा भाग) घालून चालत नाही, आधी उपचार. मग किती ऐकू येतं ते मोजायचं. मोठा माणूस बटण दाबून सांगतो, तीन वर्षांचं मूल खेळात गुंतवून कसंबसं सांगतं आणि सहा महिन्यांचं बाळ काहीच सांगत नाही. त्याला झोपवून बेरा करावी लागते, म्हणजे आवाज दिल्यावर नसेतून मेंदूकडे जाणाऱ्या लहरी डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजतात. बाळ झोपेपर्यंतच एक तास जातो, आणि आईपेक्षा आम्हीच जास्त अंगाई म्हणतो.

मग कानाचा साचा घ्यायचा. त्यावरून मोल्ड तयार होऊन यायला काही दिवस लागतात. मग मशीन त्या मुलाच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकण्याच्या आलेखाप्रमाणे, सेट करायचं. लहान मुलाच्या कानाची नळी छोटी असते, त्यामुळे तोच आवाज मोठ्यांपेक्षा त्याच्या कानात जास्त जोरात पोचतो. तेही मोजून कमी-जास्त करावं लागतं. एकाच सेटिंगची शंभर मशीनं वाटणं म्हणजे एकाच नंबरचे शंभर चष्मे वाटणं. कुणाला काहीच ऐकू येणार नाही, कुणाच्या कानात घण पडतील.

आणि मोल्ड! सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच. मूल वाढतं तसा कान वाढतो. पहिल्या वर्षात तर दर काही आठवड्यांनी, दोन-तीन महिन्यांनी मोल्ड लहान पडतो. सैल झाला की आवाज बाहेर गळून परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टीला कंटाळून आई आवाज कमी करते. आवाज कमी म्हणजे मुलाला फायदा नाही, म्हणून ते काढून फेकतं. मग मशीन कपाटात. माझ्याकडे अशी कपाटातून निघालेली मशीनं येतात, कित्येकांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसतं.

---

तिरकस | शनिवार, सकाळी ८:०५

चष्म्याचं उदाहरण पटलं. कालचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो.

---

आईच्या_डायरीतून | शनिवार, दुपारी २:४०

ध्वनिलहर यांनी कपाटाचं लिहिलं म्हणून लॉगिन केलं. तसंच एक मशीन आमच्या कपाटात दीड वर्ष होतं.

मुलगा तीन वर्षांचा असताना एका शिबिरात मिळालं. कुणी दिलं ते लिहीत नाही, हेतू चांगलाच होता. स्टेजवर बोलावलं, कानाला मशीन लावलं, टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांनी तो किंचाळून रडायला लागला. जन्मात पहिल्यांदा आवाज आला तो एवढ्या माणसांच्या टाळ्यांचा! तो फोटो त्यांच्या माहितीपत्रकात छापून आला, त्यात तो रडतोय आणि सगळे हसतायत.

घरी आल्यावर तो मशीन ओढून काढायचा. मोल्ड तयार मिळालेला, कानाला घासून लाल व्हायचं. शिट्टी तर सतत. दोन आठवड्यांत सेल संपले. कुठला नंबर आणायचा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळाचे सेल घालून बघितले, हसू नका. आणि माझी खरी समजूत काय होती सांगू? मशीन घातलं की तो बोलायला लागेल. महिना झाला, बोलेना. मला वाटलं याच्यासाठी नाहीच हे.

पुढे दुसरीकडे एक ऑडिओलॉजिस्ट भेटल्या. त्यांनी सांगितलं, तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा असेल, पण त्याचं ऐकण्याचं वय आज सुरू होतंय. जन्मलेलं बाळ वर्षभर नुसतं ऐकतं, मग एखादा शब्द बोलतं. यालाही तेवढा अवधी द्या. एवढं एक वाक्य मला दीड वर्ष आधी हवं होतं.

आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी. थेरपी मोफत होती, पण तिथे जायचं म्हणजे माझी दोन दिवसांची मजुरी बुडणार आणि दोघांचं बसभाडं वर. सोडून द्यायचं ठरवलं होतं. तेव्हा थेरपिस्टबाई म्हणाल्या, तुमच्या भाड्याची सोय झालीय, वर्षभर येत राहा. कुणी दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, देणाऱ्यांनी मनाई केली होती म्हणे. आज मुलगा अकरा वर्षांचा आहे, भांडतो, उलट बोलतो. मशीन देणाऱ्यांचा फोटो आमच्याकडे आहे. भाडं देणारं कोण ते मला आजही माहीत नाही.

---

किस्सेवाला | शनिवार, दुपारी ३:१०

_/\_

---

फळा_आणि_खडू | शनिवार, संध्याकाळी ६:३०

आईच्या_डायरीतून, सलाम तुम्हाला.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवते. आमची सकाळ कशी सुरू होते ते सांगते, म्हणजे देणगी कुठे जिरते ते कळेल.

पहिली दहा मिनिटं मशीन तपासणी. मी स्टेथोस्कोपसारखी एक नळी मशीनला लावून स्वतः ऐकते. आवाज फाटतोय का, खरखर आहे का. सेल टेस्टरवर सेल बघते. मोल्डच्या नळीत घामाचं पाणी साचलेलं असतं, ते छोट्या फुग्यानं फुंकून काढते. नळी पिवळी पडून कडक झाली असेल तर बदलायची. मग मुलांच्या मागे उभं राहून, तोंड दिसू न देता सहा आवाज काढायचे: म, ऊ, आ, ई, श, स. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याचा सगळा पल्ला त्यात येतो. मूल ऐकू आलं की मणी टाकतं. काल 'स' ऐकलेल्या मुलानं आज 'स'ला मणी टाकला नाही, तर कुठेतरी घोळ आहे हे लगेच समजतं. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञांनी बसवलेली चाचणी आहे ही. खर्च शून्य, फक्त शिकवावी लागते. पालकांना शिकवली तर घरीसुद्धा होते.

आता रडगाणं. सेल महिनाअखेरीस संपतात. पालक ते पुरवून पुरवून वापरतात. शाळेत मशीन चालू, घरी बंद. म्हणजे ज्या घरात त्याला आजीची बडबड, भावंडांची भांडणं फुकटात ऐकायला मिळतील, तिथेच तो शांततेत. भाषा वर्गात थोडी आणि कानावर पडून जास्त येते हो.

दुसरं, वर्गातला गोंगाट. मशीनला बाईंचा आवाज आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज यात फरक कळत नाही, दोन्ही मोठे करतं. मी दोन मीटर लांब गेले की माझं बोलणं गोंगाटात विरतं. यावर उपाय म्हणजे शिक्षकाच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या मशीनला रिसीव्हर. आमच्या एका वर्गात तो कुणीतरी दिलाय. त्या वर्गात शिकवायला आम्हा शिक्षकांमध्ये भांडणं होतात. आणि फुकटातला उपाय म्हणजे खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे जुने चेंडू कापून लावणे. आमच्याकडे तेच आहेत. दिसतं विचित्र, पण काम करतं.

मशीन सुकवायच्या डब्या पण हव्या असतात. झाकणाची डबी आणि आत ओल शोषणारे दाणे, बस. रात्री मशीन त्यात ठेवलं की आयुष्य वाढतं. अशी साधी वस्तू कुणी देत नाही, कारण तिचा फोटो चांगला येत नाही.

---

गणिती | शनिवार, रात्री ९:००

थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये श्रवणाविषयी पहिला जागतिक अहवाल काढला. त्या संघटनेच्या अंदाजानुसार उपचार किंवा पुनर्वसनाची गरज पडावी इतका श्रवणदोष असलेली माणसं जगात ४३ कोटींहून अधिक आहेत, आणि त्यांत मुलं ३ कोटी ४० लाख. ज्यांना मशीनचा उपयोग होईल अशांपैकी प्रत्यक्ष वापरणारे १७ टक्क्यांच्या आसपास. आणि मुलांमधला जवळजवळ ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी येतो.

हा शेवटचा आकडा वाचून प्रश्न पडला: मग पैसे टाळण्यावरच का खर्च करू नयेत? नळ वाहतोय आणि आपण फरशी पुसतोय, असं तर होत नाही ना?

---

पारिजात | रविवार, सकाळी ११:२०

आज सुटी, आता लिहिते. गणिती, प्रश्न रास्त आहे, पण नळ एक नाही, बरेच आहेत.

गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाच्या कानावर परिणाम होतो. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी तान्ह्या बाळांमधल्या मोतीबिंदूचा संबंध आईच्या रुबेलाशी जोडला, आणि मग अशाच बाळांमध्ये बहिरेपणही दिसून आलं. यावर लस आहे. गोवर, गालगुंड, काही प्रकारचे मेंदूज्वर यांवरही लस आहे. जन्मानंतरची कावीळ फार चढली आणि वेळेत उतरवली नाही तर ऐकण्याची नस दुखावते. जेंटामायसिनसारखी काही औषधं जीव वाचवतात पण कानाला जड जातात, तिथे मात्रा आणि तपासण्या सांभाळाव्या लागतात. सतत वाहणारे कान तर अगदी नेहमीचे. यातलं बरंचसं काम सरकारी आरोग्य यंत्रणेचं आहे, तुमच्या बॅचच्या वर्गणीनं लसीकरण चालणार नाही. पण वाहत्या कानांची वेळेवर तपासणी आणि औषधं हे छोट्या देणगीतही बसतं, आणि त्यातली कित्येक मुलं मशीनशिवाय बरी होतात.

माझा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे नवजात तपासणी. हजारी एक ते तीन बाळं कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. बाळ हसतं, दचकतं, डोळ्यांनी सगळं टिपतं. म्हणूनच निशिगंधच्या मित्राला दोन वर्षं कळलं नाही, त्याची चूक नाही.

ही तपासणी ओएई नावाच्या चाचणीनं होते. तिची गंमत म्हणजे निरोगी कान स्वतःच बारीक आवाज काढतो! आतल्या कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी) आवाजाला प्रतिसाद देताना जो प्रतिध्वनी परत पाठवतात, तो कानात ठेवलेला माइक पकडतो. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी हे दाखवलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. नियम लक्षात ठेवायला सोपा, एक-तीन-सहा: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन किंवा पुढचा उपचार सुरू.

पण इथेही देणगीदारांचा तोच घोळ. तपासणी यंत्र सगळ्यांना द्यायचं असतं, त्यावर नावाची पाटी लागते. पहिल्या चाचणीत 'पुन्हा तपासा' आलेल्या बाळाच्या आईला फोन करणारी मुलगी कुणाला नेमायची नसते. मी असा विभाग पाहिलाय जिथे यंत्र चकाचक होतं आणि परत न आलेल्या बाळांची वही जाड होत चालली होती. फोन करायला, घरी जाऊन समजवायला माणूस द्या. तो पगार म्हणजेच तपासणी.

एक पुरवणी. ओएई 'पास' आलं म्हणजे कायमचं निश्चिंत झालो असंही नाही. काही बाळांच्या केसपेशी ठीक असतात पण नसेत गडबड असते. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची नसेची चाचणीही करतात. काहींचं ऐकणं नंतर उतरतं.

---

शांतता२४ | रविवार, दुपारी ४:०५

मी कर्णबधिर आहे. धागा सकाळपासून वाचतोय. सगळे मनापासून लिहितायत, पण सगळं कानाबद्दल चाललंय.

मला मशीन चौथ्या वर्षी मिळालं. आवाज कळायचा, शब्द फारसे नाही. नवव्या वर्षी शाळा बदलली, तिथे मोठ्या मुलांना खुणांच्या भाषेत गप्पा मारताना पाहिलं. त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की 'उद्या' म्हणजे काय, आणि 'का' असं विचारता येतं. नऊ वर्षं मी बघत होतो, समजत काहीच नव्हतं. कान नव्हता म्हणून नाही, भाषा नव्हती म्हणून.

मशीनला माझा विरोध नाही, आजही वापरतो. पण मशीन लागू पडेल, इम्प्लांट होईल, थेरपीला दोन वर्षं लागतील, तोवर मुलानं भाषेवाचून थांबायचं? मेंदू थांबत नाही. आणि मूल शिकलं तरी आई-वडिलांना खुणा येत नाहीत. माझे बाबा माझ्याशी आजही 'जेवलास का' आणि 'पैसे आहेत का' एवढंच बोलतात, कारण त्यांना तेवढ्याच खुणा येतात. पालकांच्या वर्गासाठी कुणी देणगी दिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. (हो, 'ऐकलेलं'. आम्हीही असंच म्हणतो.)

---

तिरकस | रविवार, दुपारी ४:४०

पण खुणा शिकवल्या तर मूल आळशी होऊन बोलायचा प्रयत्न सोडतं म्हणतात ना?

---

शांतता२४ | रविवार, दुपारी ४:५२

म्हणतात. १८८० साली मिलानला बधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद झाली, तिथेही हेच म्हणाले. मतदान करणाऱ्यांत बधिर माणूस नावाला होता. ठराव झाला, कित्येक देशांतल्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. मुलांचे हात बांधल्याच्या, हातांवर छड्या मारल्याच्या आठवणी म्हातारी माणसं सांगतात. त्याच परिषदेनं २०१० मध्ये व्हँकुव्हरला तो ठराव फेटाळला आणि झाल्याबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी. तुम्ही अजून मिलानमध्येच आहात, तिरकसराव.

---

ध्वनिलहर | रविवार, संध्याकाळी ७:१५

शांतता२४, हे मला लिहायला हवं होतं, राहून गेलं. माझ्या शिक्षणात आम्हाला 'खुणा टाळा' असंच सांगितलं होतं आणि मीही काही वर्षं पालकांना तेच सांगितलं. खुणांमुळे बोलणं अडतं याला भक्कम पुरावा नाही. ज्या मुलाशी घरात कुठल्या ना कुठल्या भाषेत भरपूर बोललं जातं, ते पुढे जातं. काही पालकांना मी चुकीचा सल्ला दिला, हे इथे लिहून ठेवतो.

तरी एक मतभेद नोंदवतो. लवकर मशीन आणि नियमित थेरपी मिळालेली पुष्कळ मुलं उत्तम बोलतात, साध्या शाळेत जातात. ती वाट ज्यांना हवी त्यांना पूर्ण ताकदीनं मिळावी. अर्धवट देऊन 'बघा, उपयोग नाही झाला' म्हणणं सगळ्यात वाईट.

---

शांतता२४ | रविवार, संध्याकाळी ७:३०

मान्य. दोन्ही द्या एवढंच म्हणतोय.

---

निशिगंध | रविवार, रात्री १०:१०

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. ग्रुपवर लिंक टाकलीय. चिडीचूप आहे, म्हणजे वाचतायत.

इम्प्लांटबद्दल सांगाल का कुणी? तो गट अडून बसलाय.

---

किस्सेवाला | रविवार, रात्री १०:४५

माहितीतली भर म्हणून एक किस्सा. मेलबर्नचे कानाचे डॉक्टर ग्रॅम क्लार्क यांना प्रश्न पडला होता की गोगलगायीसारख्या वळणदार कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानात, इम्प्लांटची लवचीक तार आतपर्यंत सरकवायची कशी. समुद्रकिनारी बसून त्यांनी शंखात गवताची पाती सरकवून बघितली, आणि टोकाला मऊ, बुडाकडे ताठ अशी पाती अलगद आत गेली. १९७८ मध्ये त्यांनी आपलं अनेक इलेक्ट्रोडवालं इम्प्लांट पहिल्यांदा रुग्णाला बसवलं. अमेरिकेत लहान मुलांसाठी त्याला परवानगी मिळाली १९९० मध्ये.

---

ध्वनिलहर | सोमवार, सकाळी ७:००

किस्सा आवडला. आता कोरडं.

अतितीव्र श्रवणदोष असेल आणि चांगल्या मशीननंही बोलण्याचे आवाज पोचत नसतील, तर इम्प्लांटला पर्याय नसतो, आणि लवकर झालं तर फळ चांगलं. मेंदूज्वरानंतर बहिरेपण आलं तर विशेष घाई असते, कारण आतल्या कॉक्लियात हाड भरत जातं आणि तार घालायला जागाच उरत नाही. अशा मुलासाठी महिनाभरात पैसे उभे करणारी देणगी सोन्यासारखी.

पण शस्त्रक्रियेच्या दिवशी मुलाला काहीच ऐकू येत नसतं. जखम भरल्यावर बाहेरचा प्रोसेसर जोडून चालू करतात आणि मग महिनोन्‌महिने मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडचा आवाज त्या मुलाला मानवेल तसा जुळवणं. बरोबर थेरपी. पुढे केबल तुटते, कॉइल बिघडते, प्रोसेसर पाण्यात पडतो, वॉरंटी संपते, काही वर्षांनी ते मॉडेलच बंद होतं. आतला भाग ठणठणीत आणि बाहेरची एक केबल नाही म्हणून पुन्हा बहिरं झालेलं मूल मी पाहिलंय. बापानं केबल चिकटपट्टीनं बांधून आणली होती.

तेव्हा इम्प्लांटसाठी द्यायचं तर नव्या शस्त्रक्रियेआधी विचारा: आधी झालेल्या मुलांच्या केबलींचं काय? बंद पडलेली चार मुलं पुन्हा ऐकती करणं कित्येकदा एका नव्या शस्त्रक्रियेहून स्वस्तात होतं.

---

जुना_खजिनदार | सोमवार, सकाळी ९:४०

एका धर्मादाय संस्थेचे हिशेब मी बारा वर्षं पाहिले. निशिगंध, संस्थेला काय विचारावं यावर माझे चार शब्द.

'किती वाटली' हे विचारूच नका. तो आकडा कुणालाही फुगवता येतो. विचारा, 'मागच्या वर्षी दिलेल्यांपैकी आज किती मुलांच्या कानात आहेत?' आजकालची डिजिटल मशीनं रोज सरासरी किती तास चालू होती याची नोंद आतच ठेवतात, संगणकाला जोडलं की दिसते. म्हणजे सबब नाही. हा आकडा ज्यांच्याकडे आहे, ते काम करतात. ज्यांच्याकडे नाही, ते वाटप करतात.

दुसरं, 'आमच्या देणगीतला एक पैसाही पगारावर जायला नको' ही अट घालू नका. आमच्याकडे देणगीदार ती हटकून घालायचे आणि आम्ही मान डोलवायचो. मग थेरपिस्टचा पगार कुठून द्यायचा? 'कार्यक्रम खर्च' म्हणून लपवायचा. खोटं बोलायला देणगीदारच शिकवतात. या कामात माणूस हाच खर्च आहे. मशीन त्याच्या हातातलं हत्यार.

तिसरं, एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी तीन वर्षांत विभागून द्या आणि तसं लेखी कळवा. पुढच्या वर्षी पैसे येणार हे माहीत असलं तरच संस्था माणूस नेमू शकते.

आणि घरातल्या आजोबांची जुनी मशीनं गोळा करून पाठवण्याआधी विचारा. कानामागे बसणारी डिजिटल मशीनं कधीकधी साफ करून, नव्यानं सेट करून वापरता येतात. कानाच्या आत बसणारी त्या एका कानासाठीच बनलेली असतात, मुलांना निरुपयोगी. आम्हाला एकदा खोकाभर आली होती. दिली म्हणून आभाराचं पत्र लिहावं लागलं.

---

पारिजात | सोमवार, सकाळी १०:०५

पगाराच्या मुद्द्याला +१००

---

तिरकस | सोमवार, दुपारी १:२०

वाचनखूण साठवली. पण खजिनदारसाहेब, फोटो नाही, आकडा नाही, पाटी नाही, मग देणगीदार टिकणार कसा? मला तरी काहीतरी बघायला आवडेल. खोटं कशाला बोलू?

---

आईच्या_डायरीतून | सोमवार, दुपारी ३:०० 

तिरकसदादा, माझ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, शाळेतल्या माइकवर बाई बोलतात तो आवाज रेकॉर्ड करून पाठवा त्यांना, चेंडूवाल्या वर्गातला आणि माइकवाल्या वर्गातला. दोन्ही ऐकले की कळेल. चेहरा दाखवायचा नाही, ही त्याची अट.

---

तिरकस | सोमवार, दुपारी ३:१५

हे खरंच ऐकायला आवडेल. पोराला सांगा, अट मान्य.

---

निशिगंध | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय. कळवायचं होतं.

तीन संस्थांना पत्रं पाठवली. जुना_खजिनदार यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. शंभर मशीनवाल्यांचं उत्तर आलं की अशी नोंद ठेवत नाही, पण सोबत रंगीत पुस्तिका पाठवली. दुसऱ्यांचं उत्तरच नाही. तिसरी अगदी छोटी, एक ऑडिओलॉजिस्ट आणि दोन थेरपिस्टची. त्यांनी चार पानांचा तक्ता पाठवला, नावं झाकलेली, फक्त क्रमांक, आणि पुढे शेरे. 'मोल्ड लहान झाला, तीनदा फोन, आले नाहीत.' 'वडिलांची बदली, पत्ता नाही.' 'रोज दोन तासच, आजी काढून ठेवते, घरी जाऊन बोलायला हवं.' 'मशीन कुत्र्यानं चावलं.' एका ओळीत नुसतं 'आमची चूक, सेटिंग जास्त ठेवलं होतं'. ग्रुपवर तो तक्ता टाकला आणि वाद मिटला. ज्याला व्यासपीठ हवं होतं, त्यानंच लिहिलं, यांनाच देऊ.

तीन वर्षांत विभागून द्यायचं ठरलंय. एकही नवं मशीन नाही, ते त्यांना दुसरीकडून मिळतात. आमच्याकडून मोल्ड, सेल, सुकवायच्या डब्या, एका थेरपिस्टचा अर्धा पगार आणि येण्याजाण्याचं भाडं. भाडं कुणाकडून आलं ते पालकांना सांगायचं नाही असंही ठरलं. आईच्या_डायरीतून, हे तुमच्यामुळे.

आता सेलचा प्रश्न. व्यासपीठवाल्या मित्राकडे खरेदी दिलीय. तो म्हणतो तीन वर्षांचे एकदम घेऊ, स्वस्त पडतील. घ्यावेत का?

---

ध्वनिलहर | रविवार, सकाळी ११:१०

अजिबात नको! ते झिंक-एअर सेल असतात, हवेवर चालतात. वरचं स्टिकर काढलं की आत हवा शिरून सेल जागा होतो, आणि मशीन बंद ठेवलं तरी संपत राहतो. स्टिकर परत चिकटवून उपयोग नाही. पाकिटबंद सेललाही मुदत असते. चार-सहा महिन्यांपुरतेच घ्या, मुदत बघून. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं उघडा ठेवून मग घालायला सांगा, जास्त टिकतो.

नंबर संस्थेकडून घ्या. मुलांना बहुतेक १३, नारिंगी स्टिकर, किंवा जास्त ताकदीच्या मशीनला ६७५, निळं स्टिकर. आणि लहानग्यांच्या मशीनला सेलच्या दाराचं कुलूप आहे का ते विचारा, नसेल तर बसवून घ्या. सेल गिळणं जिवावर बेततं. वापरलेले सेलही घरात लोळत राहू नयेत, परत आणून द्यायला डबा ठेवा.

---

फळा_आणि_खडू | रविवार, दुपारी १२:००

डब्यांतले दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरता येतात, फेकू देऊ नका.

---

शांतता२४ | रविवार, दुपारी १२:२०

अभिनंदन. पालकांच्या खुणांच्या वर्गाचं काय झालं? यादीत दिसला नाही.

---

निशिगंध | रविवार, दुपारी १२:४५

लिहायचं राहिलं! त्या संस्थेकडे शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून अडलं होतं. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, वाचलात का? मानधन द्यायचं आहे, फुकट नाही. मुलीचे बाबा, म्हणजे आमचा मित्र, आणि आम्ही तिघं पण बसणार आहोत, मागच्या बाकावर.

---

शांतता२४ | रविवार, दुपारी १:०५

आत्ता वाचला. शनिवार चालेल. मागचा बाक नको, हात दिसायला हवेत. गोलात बसू.